वर्गात सगळ्यांना समजते, चाचणीत मात्र काहीच उरत नाही. शिकवण्यात नेमके काय बदलावे?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, नोकरीचे तिसरे वर्ष)

नमस्कार. मी नववी आणि दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात ५२ मुले आहेत आणि तास ४० मिनिटांचा असतो. पाठ टाचण मी मनापासून काढते, फळ्यावर रंगीत खडूंनी आकृत्या काढते, प्रत्येक मुद्दा संपला की "समजले का?" असे विचारते आणि सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. गेल्या महिन्यात विद्युतधारेचा घटक असाच सुरळीत पार पडला. घटक चाचणीत मी एक साधा प्रश्न घातला होता: दोन एकसारखे दिवे एकसर जोडणीत (एकाच तारेच्या मार्गावर एकामागोमाग) आहेत, तर कोणता दिवा अधिक प्रखर लागेल आणि का? निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले की पहिला दिवा अधिक प्रखर लागेल, कारण धारा आधी त्याच्याकडे येते आणि तो ती थोडी वापरून टाकतो. एकसर जोडणीत धारा सर्वत्र सारखीच असते, हे वाक्य याच मुलांच्या वह्यांमध्ये सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलेले आहे.

मुले अभ्यासच करत नाहीत, असे सहकारी म्हणतात. त्यात तथ्य असेलही. पण इतकी मुले एकाच पद्धतीने चुकतात, तेव्हा माझ्या शिकवण्यातही काही राहून जात असले पाहिजे. प्रशिक्षणात ऐकलेली बहुतेक तत्त्वे ऐकायला उत्तम वाटली, परंतु सोमवारी सकाळी वर्गात शिरल्यावर त्यांचे काय करायचे ते कळले नाही. म्हणून ४० मिनिटांत आणि ५२ मुलांसमोर प्रत्यक्ष करता येईल असे काही अनुभवी शिक्षकांनी सुचवावे, ही विनंती.

उत्तर (गणित शिक्षक, १९ वर्षे)

मॅडम, "समजले का?" हे विचारणे तेवढे बंद करून पाहा. त्याला "हो" म्हणायला काही लागत नाही. "नाही" म्हणायचे तर ५१ जणांच्या देखत आपले अज्ञान कबूल करावे लागते. शिवाय ज्याला चुकीचे समजले आहे, त्यालाही आपल्याला समजले असेच प्रामाणिकपणे वाटत असते. मी स्वतः पहिली सात-आठ वर्षे हाच प्रश्न विचारत होतो, तेव्हा हे वरून सांगत नाही.

त्याऐवजी असा प्रश्न काढावा की ज्यात चुकीची समजूत असणाऱ्याचे उत्तर निश्चित वेगळे येईल. बेरजेच्या वर्गाचे सूत्र मी आता कोणाला म्हणून दाखवायला सांगत नाही. ३ आणि ४ यांच्या बेरजेचा वर्ग आणि त्यांच्या वर्गांची बेरीज सारखीच येईल का, याचा अंदाज आधी वहीत लिहायला लावतो आणि मगच आकडेमोड करू देतो. एकीकडे ४९ येतात, दुसरीकडे २५. काल सूत्र घडाघडा म्हणणारी मुले अंदाजात बिनदिक्कत "सारखी येईल" असे लिहितात. घोकलेले सूत्र आणि मनातली समजूत एकाच डोक्यात शेजाऱ्यांसारखी राहतात आणि वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. तुमचा दोन दिव्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. तो फार चांगला आहे, फक्त तो चाचणीपर्यंत राखून ठेवला गेला. शिकवण्याच्या आधी आणि मध्ये तो यायला हवा होता.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये असे नोंदवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. ही वाट पाहणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले, तेव्हा उत्तरे लांबली, गप्प बसणे कमी झाले आणि एरवी मागे राहणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु फळ्यापुढे उभे राहून ते काढणे सुरुवातीला फार जड जाते. मी एक युक्ती करतो: प्रश्न विचारायचा, खडू खाली ठेवायचा, हात झटकायचे आणि मग एखाद्याचे नाव घ्यायचे. नाव मात्र नेहमी शेवटी. ते आधी घेतले की उरलेले ५१ जण त्या क्षणी विचार करायचे थांबतात.

तिसरी गोष्ट चिठ्ठीची. तासाच्या शेवटच्या चार मिनिटांत पाव कागदावर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे. गुण द्यायचे नाहीत, तपासायचेही नाही. केवळ तीन गठ्ठे करायचे. बरोबर आलेले, एकाच पद्धतीने चुकलेले आणि बाकीचे. दहा-बारा मिनिटांत हे काम उरकते. दुसऱ्या दिवसाचा तास मधल्या गठ्ठ्यापासून सुरू करावा.

उत्तर (भाषा शिक्षिका, ११ वर्षे)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तपासणीबद्दल मात्र कोणी बोललेले नाही, आणि आपला सर्वाधिक वेळ तिथेच जातो, म्हणून थोडे लिहिते.

मी निबंधांच्या वह्या घरी आणून रात्री उशिरापर्यंत लाल शाईने शेरे लिहीत असे. एकदा वह्या वाटताना तिसऱ्या बाकावरील मुलीकडे सहज लक्ष गेले. तिने वही उघडली, गुण पाहिले, शेजारणीचे गुण पाहिले आणि वही मिटून दप्तरात टाकली. माझ्या आठ ओळींच्या शेऱ्यावरून तिची नजर फिरलीसुद्धा नाही. रूथ बटलर यांचा १९८८ सालचा एक अभ्यास पुढे वाचनात आला तेव्हा या प्रसंगाचा उलगडा झाला. त्यांनी काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ शेरा दिला आणि काहींना दोन्ही दिले. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती केवळ शेरा मिळालेल्या मुलांमध्ये. गुण आणि शेरा असे दोन्ही मिळाले, तिथे शेऱ्याचा उपयोग जवळपास नाहीसा झाला होता.

तेव्हापासून मी पहिल्या खेपेला वहीवर गुण लिहीत नाही, माझ्याजवळच्या नोंदीत ठेवते. वहीवर एकच शेरा आणि त्याखाली एकच काम असते. "मांडणी सुधारावी" अशा शेऱ्याने काही होत नाही, कारण ती कशी सुधारायची हे येत असते तर त्या मुलाने आधीच सुधारली असती. "दुसऱ्या परिच्छेदातील तिसरे वाक्य तुमचा मुख्य मुद्दा आहे, ते पहिले घेऊन परिच्छेद पुन्हा लिहा," असे लिहिले की काम होते. वही परत देताना दहा मिनिटे त्याच तासात या दुरुस्तीसाठी राखून ठेवावी लागतात. घरून करून आणा म्हटले की ती दुरुस्ती कधीच परत येत नाही. गुण दुरुस्तीनंतर सांगते. मुले आधी कुरकुर करतात, पालकही विचारतात, पण महिन्याभरात सवय होते.

आणि सगळ्या वह्यांवर सगळे शेरे लिहू नका. एकच चूक वीस जणांनी केली असेल, तर ती फळ्यावर घ्या.

पुन्हा प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन शंका आहेत. एक म्हणजे, हे सर्व करायचे तर अभ्यासक्रम वेळेत कसा पूर्ण व्हायचा? दुसरी शंका शिस्तीची आहे. मी फळ्याकडे पाठ केली की मागील बाकांवर कुजबुज सुरू होते, आणि ती शांत करण्यात माझी पाच-सात मिनिटे रोज जातात.

उत्तर (निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक)

आधी शिस्तीविषयी. जेकब कौनिन यांनी १९७० च्या सुमारास वर्गांचे चित्रीकरण करून शिस्तीचा अभ्यास केला. शांत वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांत, गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतात यामध्ये त्यांना विशेष फरक आढळला नाही. फरक होता तो आधीच्या वागण्यात: साऱ्या वर्गावर सतत नजर असणे, तास मध्येच न रेंगाळणे आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे विनाविलंब जाणे. तुमच्या रंगीत आकृत्यांमध्येच ती कुजबुज दडलेली असावी, असा मला दाट संशय आहे. सात मिनिटे तुम्ही पाठमोऱ्या आहात आणि ५२ मुलांना हाताला काम नाही. आकृती आधी मोठ्या कागदावर काढून आणावी, किंवा टप्प्याटप्प्याने काढावी आणि प्रत्येक टप्प्यानंतर वर्गाकडे वळून पुढची तार कुठे जोडावी ते त्यांनाच विचारावे. खालच्या आवाजात, बाकाजवळ जाऊन दिलेली समज पुरते. फळ्याजवळून ओरडले की सारा वर्ग प्रेक्षक होतो.

आता अभ्यासक्रमाविषयी. घटक "झाला" असे आपण म्हणतो, तेव्हा तो आपल्या नोंदवहीत झालेला असतो. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की अर्थहीन अक्षरसमूह पाठ केल्यावर त्यांचे विस्मरण पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने होते. शाळेतला धडा अर्थहीन नसतो हे मान्य, पण शिकवून सोडून दिलेली गोष्ट टिकत नाही हा अनुभव कोणत्या शिक्षकाला नाही? यावर पुन्हा वाचन हा मुलांचा आवडता, पण कच्चा उपाय आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान, असा भास होतो.

म्हणून रोज तासाची पहिली पाच मिनिटे वह्या मिटून चार प्रश्न द्यावेत: कालचे दोन, मागील आठवड्याचा एक, मागील महिन्याचा एक. उत्तरे लगेच सांगावीत, मुलांनी आपली आपण तपासावीत, नोंद कुठेही ठेवू नये. गुण ठेवले की नक्कल सुरू होते. ही पाच मिनिटे वाया जात नाहीत, कारण परीक्षेपूर्वीच्या उजळणीचे कितीतरी तास वाचतात. तुमच्या शिस्तीच्या प्रश्नावरही हा अर्धा उतारा आहे, कारण वर्गात शिरताच हाताला काम मिळते.

गणिताच्या सरांशी एका बाबतीत माझे थोडे मतभेद आहेत. अचानक नाव घेण्याने जी मुले मुळातच धास्तावलेली असतात, ती आणखी मिटतात. प्रथम प्रत्येकाने लिहावे, मग शेजाऱ्याशी मिनिटभर बोलावे आणि त्यानंतर नाव घ्यावे. तेव्हा मूल निदान रिकाम्या हाताने उभे राहत नाही.

गणित शिक्षक

मान्य. आठवी-नववीत मीही आधी लिहूनच घेतो. ते लिहायचे राहिले.

पुन्हा प्रश्नकर्ती, तीन आठवड्यांनंतर

सर्वच गोष्टी एकदम करणे जमले नाही. पाच मिनिटांचे प्रश्न आणि चिठ्ठी, एवढे दोनच धरले. दिव्यांचा प्रश्न मी पुन्हा घेतला. आधी प्रत्येकाने अंदाज लिहिला, मग शेजाऱ्याशी चर्चा झाली आणि त्यानंतर दोन दिवे, घट आणि तारा टेबलावर मांडून जोडणी केली. दोन्ही दिवे सारखेच लागले. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तारा उलट्या जोडा, मग दुसरा जास्त लागेल." पूर्वी मी त्याला गप्प बसवले असते. या वेळी तारा उलट्या जोडल्या, तरीही दिवे तसेच. मग त्याने स्वतःच विचारले, "धारा संपत नाही, तर घट का संपतो?" त्यावर मी प्रश्न विचारून थांबते तशी थांबले, आणि माझ्या लक्षात आले की मलाही उत्तर नीट शब्दांत मांडता येत नव्हते. धारा आणि ऊर्जा या दोन गोष्टी मी आजवर एकाच वाक्यात मिसळून सांगत होते.

त्या दिवशीच्या ५२ चिठ्ठ्यांपैकी ३८ बरोबर होत्या. मधल्या गठ्ठ्यात नऊ आहेत, आणि त्यांपैकी चौघांनी लिहिले आहे की दिवे सारखे लागले, कारण आमच्या शाळेतले दिवे जुने आहेत. या चौघांसाठी उद्या काय करावे, याचा विचार चालू आहे.

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक

त्यांनाच नवे दिवे आणून जोडायला सांगा. आणि जोडण्यापूर्वी अंदाज लिहून घ्यायला विसरू नका.