राजीनाम्याच्या कागदावर सही करू का? शुक्रवारपर्यंत मुदत आहे

विक्रोळीची_सविता, 7 जुलै 2020

नमस्कार. नोव्हेंबर 2008 पासून मी अंधेरी एमआयडीसीत खोकी छापणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. चलनं बनवायची, टेम्पोंचे गेट पास काढायचे, परत आलेल्या मालाची नोंद ठेवायची. हाताखाली कोणी नाही. एप्रिलपासून पगार अर्धाच येतोय.

काल एचआरने बोलावलं. कन्नमवार नगरहून बस मिळायलाच तास गेला, एका सीटवर एकच माणूस घेतात. पोहोचले तर टेबलावर माझ्या नावाचा राजीनामा टाइप करून तयार. 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' माझं कसलं वैयक्तिक कारण? लॉकडाऊनच्या आदल्या आठवड्यात रात्री नऊपर्यंत थांबून औषधांच्या खोक्यांचा माल मीच काढून दिला होता.

सही केली तर दोन महिन्यांचा पगार, म्हणजे 52,000, आणि ग्रॅच्युइटी. नाही केली तर टर्मिनेट करू, मग दुसरीकडे नोकरी मिळायची नाही, असं सांगितलं. कामगार कायद्याचं विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही 'एक्झिक्युटिव्ह', स्टाफला तो लागू नाही. माझ्यानंतर नऊ वर्षांनी लागलेला मुलगा मात्र त्याच कामावर राहतोय.

मिस्टर स्कूल बस चालवतात, मार्चपासून गाडी उभी आहे. मुलीचा दहावीचा निकाल लागायचाय. 52,000 नाकारायची छाती होत नाही. काय करू?

भांडुप_पश्चिम

ताई, नका करू. मी मे महिन्यात केली. नंतर तक्रार घेऊन गेलो तर पहिलाच प्रश्न आला, 'राजीनामा स्वखुशीने दिलात ना?' माझ्याच सहीपुढे मला बोलता येईना.

टाइम_ऑफिसवाले_काका

सविताताई, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये माझी 31 वर्षं गेली. असे कागद पुष्कळ पाहिलेत, म्हणून कळकळीने लिहितो.

पदाच्या नावाला घाबरू नका. औद्योगिक विवाद कायदा, 1947 तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता ते बघतो. कारकुनी काम करणारा कामगारच, मग कार्डावर काहीही छापलेलं असो. पगाराची मर्यादा आहे ती सुपरवायझरांना, आणि तुमच्या हाताखाली तर कोणी नाही.

आता हिशेब. महिना 26,000 म्हणता. कलम 25एफ प्रमाणे कामगार कपात करायची तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तो पगार, म्हणजे 26,000. शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांवर दिवस भरले की ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची 11 वर्षं 8 महिने म्हणजे 12 वर्षं. 13,000 गुणिले 12, झाले 1,56,000. हे पैसे काढतानाच द्यावे लागतात, न देता काढलं तर ती कपात कोर्टात टिकत नाही. म्हणजे 1,82,000 च्या जागी तुमच्यापुढे 52,000 ठेवलेत. हिशेब अर्ध्या पगारावर करतील, तो मान्य करू नका. कायदा देय पगार बघतो, हातात दिलेला नाही.

ग्रॅच्युइटी हे त्यांचं बक्षीस नव्हे. पाच वर्षं झाली की ती तुमची, राजीनामा द्या किंवा देऊ नका. बेसिक आणि डीए मिळून किती ते सांगा. 15,600 असेल तर त्याला 26 ने भागून 15 ने आणि 12 ने गुणा, 1,08,000 येतात.

नवा मुलगा ठेवून जुन्याला काढायचं तर कलम 25जी प्रमाणे लेखी कारण द्यावं लागतं. शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे.

अर्ध्या पगाराचं मात्र अवघड आहे. पूर्ण पगार द्या हा केंद्राचा 29 मार्चचा आदेश 18 मेपासून गेला, आणि 12 जूनला सुप्रीम कोर्टाने मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवा असं सांगितलं. ते भांडण वेगळं ठेवा.

आज रात्रीच एचआरला ईमेल करा: 6 जुलैला मला राजीनाम्यावर सही करायला सांगितलं, माझी इच्छा नाही, मी कामावर यायला तयार आहे. आणि कामावर जात राहा! घरी बसलात की 'स्वतःहून येणं सोडलं' असं लिहून मोकळे होतात. काढलंच तर वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, तिथे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 45 दिवसांत तडजोड झाली नाही तर थेट कामगार न्यायालयात जाता येतं.

विक्रोळीची_सविता, 10 जुलै 2020

काका, तुमचे फार उपकार. बेसिक-डीए बरोबर 15,600 च आहे. ईमेल केला. आज शुक्रवार, गेटच्या रजिस्टरवर सही करून, 9:25 वेळ घालून आत गेले. एचआरच्या मॅडम 'बघू' एवढंच बोलल्या. लेखी काही नाही.

पेस्टिंगच्या चौघींनाही तोच कागद दिलाय. एकीची चार वर्षं सात महिनेच झालीत, तिला काही मिळेल का?

टाइम_ऑफिसवाले_काका

मिळेल. पाच वर्षांची अट ग्रॅच्युइटीची. कपातीच्या भरपाईला सलग एक वर्षाची सेवा पुरते, आणि त्यासाठी बारा महिन्यांत 240 दिवस भरले तरी चालतं. तिची पाच वर्षं धरून अडीच महिन्यांचा पगार होतो, नोटिशीचा वेगळा. चौघींची हजेरी कार्डं आणि पगाराच्या पावत्या सोमवारच्या आत घरी आणायला सांगा.