मदत हवी आहे : उद्या पुण्यात एक दिवस. काय खायचं, काय बघायचं, काय घ्यायचं?

वऱ्हाडी_झणका :
उद्या सकाळी अमरावतीहून पुण्यात पोचतोय. लेकीचं विद्यापीठात कागदपत्रांचं काम अकरापर्यंत आटोपेल. रात्री दहाला परतीची बस. मधल्या वेळात खाणं, थोडी खरेदी आणि एक-दोन ठिकाणं. जुन्या धाग्यांत दहा-बारा वर्षांपूर्वीची माहिती आहे, ती नको. पटकन सांगा, दोन तासांत निघतोय.

पेठेतला :
किती जण? शाकाहारी का? परतीची बस कुठून? आणि उद्या सोमवार आहे हे लक्षात आहे ना? लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकानं सोमवारी बंद असतात.

टेकडीवाला :
बस पहाटे पोचली तर थेट हनुमान टेकडी. फर्ग्युसनच्या मागून चढायचं. पुणं तिथूनच कळतं. बाकी सगळं धूळ आणि गर्दी.

बनमस्का :
टेकडीवाले, प्रत्येक धाग्यावर टेकडी! डेक्कनला गुडलकचा बनमस्का, दुपारी तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ, संध्याकाळी निंबाळकर तालमीपाशी सुजाताची मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध. झाला दिवस.

पेठेतला :
मिसळ खायची तर नारायण पेठेत बेडेकर. सोमवारी उघडं आहे का तेवढं विचारून जा.

बनमस्का :
अमरावतीच्या माणसाला बेडेकरांची गोडसर मिसळ? तुमची माणुसकी कुठे गेली?

पेठेतला :
गोडसर नाही, तिला चव म्हणतात. जीभ भाजली म्हणजेच मिसळ झाली असं नसतं.

नवा_भाडेकरू :
विषय निघालाच आहे तर, कोथरूडला मेट्रोजवळ वन बीएचके कुणाच्या पाहण्यात आहे का? बॅचलर चालणारं.

वऱ्हाडी_झणका :
अहो, मिसळ आमच्याकडेही मिळते! आम्ही तिघं : मी, लेक आणि आई. आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. टेकडी कशी चढणार ती?

टेकडीवाला :
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना हो.

गणेशखिंडकर :
विद्यापीठात जाताच आहात, तर लेक रांगेत उभी असताना आईंना मुख्य इमारत दाखवा. मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला होता तो, विद्यापीठ १९४९चं. सपाट रस्ता, मोठी झाडं, सावलीत बसता येतं. मग रिक्षाने जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर. आठव्या शतकातली कोरीव लेणी, भर रस्त्याला लागून, आणि समोर दगडी छत्रीसारखा गोल नंदीमंडप. अर्धा तास पुरतो. केळकर संग्रहालय सुंदर आहे, कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल तिथेच आहे, पण जिने आहेत. आईंना तळमजल्यावरच थांबावं लागेल.

माजी_फर्ग्युसन :
फर्ग्युसन १८८५चं, डेक्कन कॉलेजची मुळं १८२१ची. विद्यापीठाच्या कितीतरी आधीपासून इथे शिकणं चालू आहे. विद्यापीठ बघून पुणं बघितलं असं कुणी समजू नये.

बनमस्का :
हे कुणी विचारलं होतं?

पेठेतला :
खरेदी म्हणजे नक्की काय? साडी, पुस्तकं, बाकरवडी?

वऱ्हाडी_झणका :
पुस्तकं लेकीला. आईला तांब्याचं घंगाळ. इकडे मिळतं ते पत्र्यासारखं पातळ, हात लावला की पोचे येतात, असं तिचं म्हणणं.

पेठेतला :
मग तुळशीबाग विसरा, कसबा पेठेत तांबट आळीला जा. तिथे तांब्याची भांडी अजून हाताने मठारतात, म्हणजे हातोडीने ठोकून घडवतात. गल्लीत शिरायच्या आधीच ठोके ऐकू येतात. भांडं उजेडात तिरकं धरून बघा. हातोडीच्या खुणा थोड्या मागेपुढे दिसल्या तर हातकाम, रांगेत मोजून बसवल्यासारख्या असतील तर मशीन. भाव वजनावर असतो, काटा समोर लावायला सांगा. पुस्तकांना अप्पा बळवंत चौक, तिथून रिक्षाने पाच मिनिटं. तीही दुकानं सोमवारी उघडी आहेत का, आधी फोन करा.

गणेशखिंडकर :
मेट्रोनेही जाता येईल, मंडई स्टेशन जमिनीखाली आहे पण लिफ्ट आहे. आईंना चालण्यापेक्षा ते बरं.

वऱ्हाडी_झणका :
हे कामाचं! टेकडी आणि मिसळ बाजूला ठेवतो. मस्तानी आईला सोसेल का? आणि घंगाळ बसमध्ये कुठे ठेवू, डिकीत चेपेल ना?

पेठेतला :
मांडीवर घेऊन बसा. मस्तानी दोघांत एक घ्या. बस कुठून सुटते ते अजून सांगितलं नाहीत.