जन्म इथला, पण नागरिक नाही
एकानं लिहिलं की अमेरिकेसारखं आपल्याकडेही इथं जन्मलं की नागरिक. नाही हो! १ जुलै १९८७ पासून आई-वडलांपैकी एक तरी भारतीय लागतो, ३ डिसेंबर २००४ पासून तर दुसरा बेकायदा राहणाराही नको. आमच्या नागपुरात जरीपटक्याकडे पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं आहेत, आई-वडील दोघंही लाँग टर्म व्हिसावर (म्हणजे नागरिकत्व नाही, फक्त दीर्घकाळ राहायची परवानगी) असले तर इथंच जन्मलेल्या लेकराकडे महानगरपालिकेचा जन्मदाखला असतो पण शाळेच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय लिहायचं? लेकराचा काय दोष सांगा नं, मला तर हे फार लागतं. अमेरिकेत १८९८ च्या सुप्रीम कोर्टाच्या वाँग किम आर्क निकालानं ही बाजू सांभाळली, म्हणजे तिथं राहणाऱ्या परदेशी आई-वडलांचं तिथं जन्मलेलं लेकरूही नागरिक ठरवलं, म्हणून तर तात्पुरत्या व्हिसावरच्यांच्या लेकरांना हा हक्क नाकारणाऱ्या ट्रम्पच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानं एच-वन-बीवाले (तिथं नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेले) आपले लोक एवढे हादरले.