मदत हवी आहे: मुंबई-कोलकाता विमानाला नक्की किती वेळ लागतो?

घोडबंदरकर: आई-बाबा दार्जिलिंगला चाललेत. कोलकात्याला विमान बदलायचं, मध्ये दीड तास. अंतर मोजणारी साईट म्हणते १,६६० किमीच्या आसपास, दोन तास. तिकिटावर मात्र पावणेतीन तास! खरं कुठलं? दोन तासांतच पोचणार असतील तर मधे सव्वादोन तास मिळतात. पुढचं बागडोगऱ्याचं (दार्जिलिंगजवळचा विमानतळ) तिकीट आज रात्रीच काढायचंय, भाडं वाढत चाललंय. प्लीज पटकन सांगा.

वाशीवाला: निघणार कुठून? आता विमानतळ दोन आहेत. नवी मुंबईच घ्या, ठाणे-बेलापूर रस्त्याने सरळ. वर अटल सेतूही आहे.

नौपाडा_७२: अटल सेतू शिवडीहून सुरू होतो, ठाणेकराला काय उपयोग? कळवा-ऐरोलीत संध्याकाळी अडकून बघा. आमच्यासाठी अंधेरीच बरं.

घोडबंदरकर: मुंबईहूनच, तिकीट काढून झालंय. वेळेचं सांगा ना कोणीतरी.

रनवे_२७: तिकिटावरचा वेळ धरा. साईट नुसतं सरळ रेषेतलं अंतर वेगाने भागते. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि रांगेत थांबावं लागतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, म्हणून जाताना थोडं लवकर पोचतं आणि परतताना जास्त वेळ लागतो. पण ते गृहीत धरू नका. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत का? बॅगा चेक-इन करणार?

घोडबंदरकर: नाही, पुढचं दुसऱ्या कंपनीचं स्वस्त दिसतंय. बॅगा दोन. पण माझा प्रश्न वेळेचा होता.

रनवे_२७: हाही वेळेचाच प्रश्न आहे. वेगळं तिकीट म्हणजे बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, बाहेर यायचं, पुन्हा काउंटरवर द्यायच्या. देशांतर्गत काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे दीड तासातला हातात राहतो अर्धा तास. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. ज्येष्ठ मंडळींना असं पाठवू नका.

हिमालयप्रेमी: थर्मल, कानटोपी विसरू नका. टॉय ट्रेनचं आरक्षण आधीच करा.

रेल्वेच_बरी: विमान कशाला बदलायचं? रात्री सियालदहहून दार्जिलिंग मेल, सकाळी न्यू जलपायगुडी.

नौपाडा_७२: अहो, विमानतळावरून सियालदहला बॅगा घेऊन म्हाताऱ्या माणसांनी जायचं?

घोडबंदरकर: रेल्वे नको, बाबांचे गुडघे दुखतात. दुपारी आणखी एक विमान आहे, मध्ये साडेचार तास मिळतात, भाडं थोडं जास्त. ते चालेल?

रनवे_२७: चालेल, तेच घ्या. आणि दोन्ही कंपन्यांकडे व्हीलचेअर आजच नोंदवा, वेगवेगळी.

वाशीवाला: परतीचं तरी नवी मुंबईला उतरणारं बघा.