गावच्या सप्ताहाचं कीर्तन लॅपटॉपवरून यूट्यूबला लाईव्ह करायचंय, लाईव्ह पाठवायचं ओबीएस सॉफ्टवेअर पहिल्यांदाच उघडलंय, जरा सांगा

टाळकरी_नवखा

राम कृष्ण हरी मंडळी. आमच्या गावात (संगमनेर तालुका) पुढच्या आठवड्यात हरिनाम सप्ताह बसतोय. रोज रात्री ९ ते ११ कीर्तन आणि शेवटच्या दिवशी सकाळी १० ला काल्याचं. गावातली निम्मी पोरं पुण्या-मुंबईला, काही तर बाहेरच्या देशात, ते सगळे ग्रुपवर बोंबलतायत की लाईव्ह करा लाईव्ह करा, आणि कॉम्प्युटरचं थोडं कळतं म्हणून बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडंच बोट दाखवलं. मोबाईलवरून डायरेक्ट करायला गेलो तर यूट्यूब म्हणतं ५० सबस्क्रायबर पाहिजेत, आमच्या मंडळाच्या चॅनलला ३१ आहेत. मग कुणीतरी म्हणालं ओबीएस टाक, त्याला सबस्क्रायबर लागत नाहीत.

माझ्याकडं लॅपटॉप आय-५ आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, विंडोज १०. मामेभावाचा लग्नाच्या शूटिंगचा जुना हँडीकॅम मिळतोय, आणि ऑनलाईन ते कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपला देणारं एचडीएमआय टू यूएसबी कॅप्चर कार्ड मागवलंय स्वस्तातलं, बॉक्सवर ४के लिहिलंय. नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, रोजचा २ जीबीवाला प्लॅन.

काल घरी ट्राय केलं. पहिले तर कॅमेरा दिसेचना, नुसता काळा चौकोन. मग दिसला तर एकदम अडकत अडकत, जुन्या सीडीसारखा. आणि आवाज दोनदा येतोय, मी हॅलो म्हटलं की दहा-पंधरा सेकंदांनी परत हॅलो, परत त्याच्यामागून अजून एक हॅलो, घरचे हसून लोळायचे बाकी होते. सोप्या भाषेत सांगा, आठवडाच आहे हातात.

रात्रपाळीवाला

भावा सगळ्यात आधी एक काम आजच कर, हे वाचून झाल्यावर लगेच. चॅनल मोबाईल नंबरने व्हेरिफाय करून यूट्यूब स्टुडिओत लाईव्हचं बटण चालू करून ठेव, कारण पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबायला लागतं. लोक ऐन कार्यक्रमाच्या दिवशी बटण दाबतात आणि मग डोक्याला हात लावून बसतात.

आता तुझे प्रॉब्लेम. काळा चौकोन आला तेव्हा विंडोजचं कॅमेरा ॲप किंवा झूम मागं उघडं होतं का बघ, बहुतेक वेळा एका ॲपने कॅप्चर कार्ड धरलं की दुसऱ्याला मिळत नाही. अडकतंय ते कार्डमुळे. बॉक्सवर ४के लिहिलेलं असतं ते फक्त आत घ्यायचं, बाहेर लॅपटॉपला ते जास्तीत जास्त १०८०पी देतं आणि तेही योग्य फॉरमॅट निवडला तर. ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या सोर्सवर डबल क्लिक कर, रिझोल्यूशन कस्टम कर, १२८० बाय ७२०, एफपीएस ३०, आणि व्हिडिओ फॉरमॅट एमजेपेग. तिथं वायूवाय२ राहिलं असेल तर या कार्डांवर मोठ्या साईझला सेकंदाला चार-पाचच फ्रेम येतात, तीच तुझी जुनी सीडी. हँडीकॅमच्या मेनूत डिस्प्ले आउटपुट असं काहीतरी असतं ते फक्त कॅमेऱ्याच्या स्क्रीनपुरतं ठेव, नाहीतर बॅटरीचं चिन्ह आणि टायमर अख्ख्या गावाला दिसत राहील. आणि कॅमेरा आपोआप बंद व्हायचं सेटिंग असतं ते ऑफ कर, चार्जरला लावूनच ठेव.

हॅलो हॅलोचं असं झालंय की तू त्याच लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये स्वतःचं लाईव्ह उघडून बघत होतास. ओबीएसच्या ऑडिओ मिक्सरमध्ये डेस्कटॉप ऑडिओ चालू असतो, तो ब्राउझरचा आवाज परत उचलून परत पाठवतो. कीर्तनाला डेस्कटॉप ऑडिओची गरजच नाही, म्यूट कर. लाईव्ह कसं दिसतंय ते दुसऱ्या मोबाईलवर, हेडफोन लावून बघ.

सेटिंग्जमध्ये फार खोल जाऊ नको. व्हिडिओमध्ये कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही १२८० बाय ७२०, ३० एफपीएस. आउटपुटमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा) एक्स२६४ ऐवजी क्विकसिंक घे, तुझ्या इंटेलमध्ये ते आहेच, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर येत नाही. रेट कंट्रोल सीबीआर, बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) २५०० केबीपीएस, कीफ्रेम २ सेकंद, ऑडिओ १२८. यूट्यूब ७२०पी ला ४००० सांगतं त्यामुळे वर पिवळी सूचना येईल की बिटरेट कमी आहे, येऊ दे. महाराज एका जागी उभे, मागं टाळकरी, क्रिकेटची मॅच थोडीच आहे, २५०० ला चांगलं दिसतं.

स्ट्रीम की (यूट्यूबवरून घेऊन ओबीएसमध्ये टाकायचा कोड) म्हणजे तुझ्या घराची चावी समज. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना ती दिसली तर कुणीही तुझ्या चॅनलवर लाईव्ह जाऊ शकतं. चुकून गेलीच तर स्टुडिओतून रीसेट कर. आणि ओबीएस घेतलंस कुठून? ते फुकट आहे, ओपन सोर्स, २०१२ पासूनचं. सर्चमध्ये वरती जाहिरातीतल्या भलत्या साईट येतात तिथून घेतलं असशील तर काढून टाक आणि ओबीएस प्रोजेक्ट डॉट कॉम वरूनच घे.

मंडपवाला_साऊंड

वरच्या दादांनी चित्राचं सगळं सांगितलं पण आवाजाचं कोणीच धरत नाही. मी २० वर्ष सप्त्यांना साऊंड लावतोय, आता प्रत्येक गावात कुणीतरी पोरगं लॅपटॉप घेऊन येतं, चित्र काचेसारखं आणि आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा, कारण लॅपटॉपचा माईक चालू आणि लॅपटॉप ठेवलेला स्पीकरच्या बॉक्सशेजारी. कीर्तन ही ऐकायची गोष्ट आहे पोरा. लोक मोबाईल खिशात घालून ऐकतात, गाडी चालवताना ऐकतात. चित्र दोन मिनिटं गेलं तर कुणी उठून जात नाही, आवाज गेला की गेले सगळे.

तुमच्या साऊंडवाल्याला आधी भेट, चहा पाज आणि मिक्सरमधनं ऑक्स आउट माग, म्हणजे मंडपाच्या स्पीकरपेक्षा वेगळी आवाजाची लाईन. मेन आउटमधनं घेऊ नको. मंडपात मागच्या बायांना ऐकू येईना म्हणून तो मेन वाढवणार, पुढचे म्हातारे ओरडले की कमी करणार, ते सगळं तुझ्या लाईव्हवर येणार. ऑक्सला तुझं लेव्हल वेगळं राहतं. त्यात महाराजांचा माईक, पखवाज, गायनाचे माईक घ्यायला सांग. वायर लॅपटॉपच्या जॅकमध्ये थेट घालू नको, आताच्या लॅपटॉपला एकच जॅक असतो तो साध्या पिनला हेडफोन समजतो. यूएसबी साऊंड कार्ड घे, शक्यतो लाईन इनवालं, नसेल तर माईक इनचं घे पण मग ऑक्सचं बटण अगदी कमीवर ठेवायचं. मिक्सरचा सिग्नल माईकपेक्षा कितीतरी मोठा असतो, फाटतो.

ओबीएसच्या मीटरमध्ये हिरवा, पिवळा, लाल असतं. नुसतं बोलताना पिवळ्यात खेळला पाहिजे. पण तपासायचं गजरात, विठ्ठल विठ्ठल टिपेला जातं आणि ४० टाळ एकदम वाजतात तेव्हा, निरूपणात सेट करून निवांत बसलास तर गजरात सगळं लालभडक. ओबीएसमध्ये लिमिटर नावाचा फिल्टर आहे, आवाज ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ देत नाही, तो लावून ठेव. नॉईज सप्रेशन मात्र लावू नको, ते माणसाच्या बोलण्यासाठी आहे, टाळ-पखवाजाला कचरा समजून खातंय.

घर्र्र असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. गेला तर अर्थिंगचा घोळ आहे, मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाकायचा, आमच्याकडं पेटीत असतोच, माग तुमच्या साऊंडवाल्याकडं.

टाळकरी_नवखा

काका, तुमच्या पोस्टची प्रिंट काढून साऊंडवाल्याला दाखवली, तो म्हणतो हे कोण आहेत मला माहितीये 😄

एक शंका, ऑक्समधनं घेतलं तर टाळकऱ्यांचा आवाज येणार नाही ना, त्यांना माईक कुठं असतो सगळ्यांना. आणि नेटचं कुणी बोललंच नाही.

मंडपवाला_साऊंड

बरोबर पकडलंस. नुसतं ऑक्स घेतलं तर महाराज बंद खोलीत बोलल्यासारखे वाटतात. हँडीकॅमचा स्वतःचा माईक असतोच, त्याचा आवाज कॅप्चर कार्डातनं येतो, तो अगदी बारीक मिसळ. पण ऑक्सचा आवाज लवकर पोचतो आणि कॅमेऱ्याचं चित्र-आवाज कार्डातनं फिरून थोडं उशिरा येतं, मग घुमल्यासारखं होतं. ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये सिंक ऑफसेट असतो, तिथं ऑक्सच्या आवाजाला मिलीसेकंदात उशीर द्यायचा. किती ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. कॅमेऱ्यासमोर माईकपाशी एकाला टाळ वाजवायला लाव, रेकॉर्ड कर, टाळ भिडलेला दिसतो आणि आवाज येतो ते जुळेपर्यंत १०० पासून वर वर सरक.

रात्रपाळीवाला

नेटवर येतो, खरा खेळ तिथंच आहे. हिशोब बघ, २५०० अधिक १२८ म्हणजे तासाला जवळपास १.२ जीबी, दोन तासांना २.४. तुझा प्लॅन २ जीबीचा. म्हणजे पावणेअकराच्या सुमारास, महाराज ऐन रंगात आलेले असताना तुझा डेटा संपणार आणि स्पीड ६४ केबीपीएसवर. दुसरं म्हणजे हॉटस्पॉट दुपारी मस्त चालतो म्हणून फसू नको, रात्री मंडपात हजार माणूस आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, सगळे त्याच एका टॉवरवर.

मंदिराजवळ कुणाकडं फायबर आहे का बघ. शाळा, ग्रामपंचायत, एखादा किराणावाला. तिथून कॅट ६ केबल ओढ, १०० मीटरपर्यंत आरामात चालते, पत्र्यावरून किंवा झाडावरून नेली तरी चालेल, फक्त लाईटच्या वायरीला लागून नको. वायफायवर विसंबू नको. स्पीड टेस्ट रात्री ९ लाच कर, आणि डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नको, तुला अपलोड पाहिजे. अपलोड जेवढा येईल त्याच्या पाऊण पटीच्या वर बिटरेट ठेवायचा नाही. राउटरला इन्व्हर्टर आहे ना तेही विचार, लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि राउटर मरतो.

ओबीएसच्या सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये नेटवर्कखाली एक पर्याय आहे, गर्दी झाली की बिटरेट आपोआप कमी करायचा, त्याला टिक कर. खाली स्टॅट्सची खिडकी उघडी ठेव. ड्रॉप्ड फ्रेम्स वाढल्या तर नेटचा दोष, एन्कोडिंगमुळे स्किप झालेल्या वाढल्या तर लॅपटॉप दमलाय. लोक नेट गंडलं की लॅपटॉपला शिव्या देतात आणि लॅपटॉप गंडला की नेटवाल्याला.

स्ट्रीमबरोबर रेकॉर्डिंगपण चालू ठेव, एमकेव्हीमध्ये. लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला तरी तिथपर्यंतची फाईल वाचते, साधी एमपी४ असेल तर बहुतेक उघडतच नाही. नंतर फाईल मेनूत रीमक्सने एमपी४ करता येते.

दुबईत_गाव

मी नुसता बघणारा आहे, पण सांगतो. ९ चं कीर्तन आम्हाला साडेसातला पडतं, ड्युटीवरून रूमवर येताना बसमध्ये. प्लीज रोजची लिंक आदल्या दिवशी शेड्यूल करून ग्रुपवर टाका, कीर्तन सुरू झाल्यावर शोधत बसावं लागतं. आणि कीर्तनाआधी मंडपात मोठ्या गायकांचे अभंग लावतात ना स्पीकरवर, ते चालू असताना लाईव्ह सुरू करू नका. मागच्या वर्षी शेजारच्या गावचं त्यातच कॉपीराईटमुळे मध्येच थांबलं. आपले टाळकरी गातात त्याला काही होत नाही, ती कंपनीची रेकॉर्डिंग वाजली की मशीन ओळखतं.

आणि खाली महाराजांचं नाव नीट मराठीत येऊ द्या, तिकडच्या लाईव्हला नुसतं चिन्हांचं भरीत आलं होतं.

रात्रपाळीवाला

ते भरीत फ्लेक्सवाल्याच्या फाईलमधनं मजकूर कॉपी केल्यामुळे येतं, तो जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतो, युनिकोड नसतं ते. टेक्स्ट सोर्समध्ये स्वतः टाईप करा, फॉन्ट निर्मला किंवा मुक्ता. मुक्ता मुंबईच्या ‘एक टाईप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, फुकट मिळतो, जोडाक्षरं झकास दिसतात.

आणि भावा, महाराजांना आधी विचार. काहींना चालत नाही, काहींचं स्वतःचं चॅनल असतं. तेवढा मान ठेवलेला बरा.

टाळकरी_नवखा

अपडेट. दोन दिवस अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारं) लाईव्ह करून टेस्ट घेतली, काल पहिलं कीर्तन झालं. किराणावाल्या अण्णांकडून ७० मीटर केबल ओढली, रात्री ९ वाजता अपलोड ११ एमबीपीएस येत होता, दोन तासांत ड्रॉप्ड फ्रेम्स नावाला. ऑफसेट १८० ला जुळला. गजरात एकदा लाल गेलं, लिमिटरने सांभाळलं. गोंधळ एकच, संपल्यावर स्टॉप स्ट्रीमिंग दाबायचं विसरून वायरी गुंडाळायला गेलो आणि पंगतीत भाजी कमी पडली त्यावरून झालेली वादावादी पंधरा मिनिटं लाईव्ह गेली, हँडीकॅमचा माईक चालूच. सगळ्यात जास्त बघणारे तेव्हाच होते. रात्रीच स्टुडिओतून तेवढं कापलं.

आता शेवटचं विचारतो, काल्याचं कीर्तन सकाळी १० ला आहे, माझा टेबल मंडपाच्या बाहेर उन्हात येतो, लॅपटॉपची स्क्रीन काहीच दिसत नाही, काय करू?

मंडपवाला_साऊंड

घोंगडी घे डोक्यावरनं. लॅपटॉपच्या मागची जाळी तेवढी उघडी ठेव, तापतो.