घरच्या फ्लोट टँकसाठी नवा हीटर कोणता घ्यावा?

प्रश्न: आमच्या फ्लोट टँकच्या (कोमट, दाट खारट द्रावणावर निवांत तरंगत पडून राहण्याची टाकी) तळाखालील दोन सिलिकॉन हीटिंग पॅडपैकी एक जळाल्याने द्रावण ३२ अंशांच्या वर तापत नाही. तसाच पॅड बसवावा, की पंपाच्या पाइपलाइनमध्ये बसणारा हीटर घ्यावा?

प्रतिसाद १: पाइपलाइनमधील हीटर पंप चालू असतानाच उष्णता देतो, आणि तरंगताना शांततेसाठी पंप बंद ठेवावा लागत असल्याने तासाभरात तापमान उतरते, पाण्याचा स्पर्श जाणवेनासा होण्यासाठी ते ३४ ते ३५ अंशांवर स्थिर हवे, तिथे अर्धा अंशही अंगाला कळतो. मी पॅडच घेईन.

प्रतिसाद २: सहमत आहे. मात्र पॅड बदलण्यासाठी टँक रिकामा करावा लागला, तर शेकडो किलो एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) असलेले ते द्रावण पिंपांत काढल्यावर थंड होऊन त्यांच्या तळाशी खडे धरते, याची आधीच तजवीज करावी. पाइपलाइनचाच पर्याय निवडल्यास टायटॅनियमचा हीटर घ्यावा. इतक्या खारात स्टेनलेस स्टीलचा भरवसा नाही.

प्रतिसाद ३: कोणताही हीटर घेतलात, तरी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चोख अर्थिंग हवेच. पॅडला अतितापमान रोखणारा स्वतंत्र सेन्सर आहे ना, तेवढे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.