गच्चीवर पाला गुडघ्याएवढा, खाली बटाटे गोटीएवढे. असं का?

अनगोळचं परडं: बेळगावात गच्चीवर ४० लिटरच्या सहा ग्रो बॅगा आहेत, मागं परड्यात दहा बाय चार फूट लाल मातीची जागा. बॅगेत पाला जोरात येतो, बटाटे मात्र गोट्या. दसऱ्यानंतर परत लावायचेत. बाजारातला बटाटा बियाण्याला चालतो काय? एका बॅगेत किती लावायचे? आणि व्हिडिओत दाखवतात तसं माती चढवत गेलं की थरावर थर बटाटे लागतात, हे खरं काय?

हिरवी गच्ची: गोट्यांची कारणं बहुतेक वेळा दोनच: गरम रात्र आणि जास्त नत्र (नायट्रोजन). बटाटा पोसायला रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली लागतं. त्याच्या वर गेलं की झाड सगळी ताकद पाल्यात घालतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा, म्हणजे पोसायच्या वेळी आपली थंडी सापडते. गच्चीवर स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो, तेव्हा बॅग दोन विटांवर उचला आणि दुपारच्या उन्हाच्या बाजूला गोणपाट गुंडाळा. युरिया आणि ताजं शेण बंद.

बियाण्याचं नीट बघा. दसऱ्याच्या सुमाराला बाजारात आपल्याकडचा पावसाळी बटाटा नवा आलेला असतो. अंगठ्यानं घासला की साल सुटते, तो नवा. त्याला आठ-दहा आठवडे कोंबच फुटत नाही. मातीत तसाच पडून राहतो नाहीतर कुजतो. शीतगृहातला जुना, घट्ट सालीचा घ्या. प्रमाणित बियाणं मिळालं तर उत्तमच, कारण खायच्या बटाट्यातून विषाणू रोग येतात. वाणांत कुफरी ज्योती सगळीकडं चालतो. उष्णता सोसायला कुफरी सूर्या किंवा कुफरी लवकर बरा.

कोंब काढायला उन्हात नको, अंधारातही नको. उजेडाच्या खोलीत बुट्टीत एक थर पसरून ठेवा. एक सेंटीमीटरचा जाड, रंगीत कोंब आला की लावा. दोऱ्यासारखे बारीक कोंब आलेले टाकून द्या. ३० ते ५० ग्रॅमचा अख्खा लावणं सगळ्यात बरं. कापलात तर प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवा आणि एक-दोन दिवस सावलीत सुकवून मगच लावा.

निपाणीकडचा माळी: थरांचं म्हणाल तर आपल्याकडच्या वाणांत ते होत नाही ओ. हे लवकर तयार होणारे वाण. बियाण्याच्या वरच्या वीतभर मातीतच बटाटे धरतात. तीन फुटी मनोरा केलात तर वरची माती फुकट.

४० लिटरला दोन, फार तर तीन बियाणी. दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग भाताचं तूस किंवा कोकोपीट आणि बॅगेला १०० ग्रॅम निंबोळी पेंड. तळाला १५ सेंटीमीटर मिश्रण, त्यावर बियाणं कोंब वर करून, वर १० सेंटीमीटर. झाड वीतभर झालं की शेंडा उघडा ठेवून बुडाला मातीची भर द्या, पंधरा दिवसांनी परत. भर चुकली की दोन तोटे: उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो, तो खायचा नाही. दुसरं म्हणजे पतंग भेगांतून जाऊन डोळ्यांवर अंडी घालतो आणि अळी आत बोगदे करते.

परड्यात ६० सेंटीमीटरवर वरंबे, दोन बियाण्यांत २० सेंटीमीटर. आधी तिथं टोमॅटो, वांगी, मिरची असेल तर यंदा ती जागा नको.

अनगोळचं परडं: चुलीची राख घातली तर चालते काय? आणि पाणी?

निपाणीकडचा माळी: तुमच्या लाल मातीला मूठभर चालेल. चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत मात्र नको. ती आधीच विम्लधर्मी (अल्कली), राखेनं सालीवर खवले जास्त येतात.

पाणी एकसारखं पाहिजे. आठवडाभर कोरडं ठेवून मग भरपूर दिलं की बटाटे फाटतात, आतून पोकळ होतात. बोट दोन पेरं घालून बघा, कोरडं लागलं तरच द्या. उगवण होईपर्यंत तर हात आखडताच ठेवा.

हिरवी गच्ची: ढग आणि धुकं तीन-चार दिवस टिकलं तर करप्याकडं लक्ष ठेवा: पानाच्या कडेला पाणी लागल्यासारखा डाग, सकाळी पानाखाली पांढरी बुरशी. डाग दिसायच्या आधी मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवारलं तर उपयोग. झाड हिरवंच असताना कोमेजलं तर देठ कापून ग्लासभर पाण्यात धरा. दुधासारखी तार सुटली तर जिवाणू मर. बॅग मातीसकट बाहेर काढा.

साधारण ८० ते ९० दिवसांत पाला पिवळा पडतो. तेव्हा पाणी तोडा, पाला कापा आणि दहा-बारा दिवस बटाटे मातीतच राहू द्या, साल पक्की होते. झाडाला तीनशे-चारशे ग्रॅम निघाले तर बॅगेत चांगलं पीक समजा.